पाच खेळाडूंचा कप्पा

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. निवृत्तीनंतर घरातल्या चाव्या, बटणं, स्क्रू सगळं मोजून झालं आणि माणूस अगदी सैरभैर झाला. तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना ऑनलाइन खेळ दाखवले. त्यात एक जण गुपचूप चोर असतो, तो दर फेरीत एकेकाला मारतो आणि बाकीच्यांनी चर्चा करून त्याला हुडकायचं असतं. असे खेळ ढिगानं आहेत म्हटल्यावर बाबांना नवं गोदाम मिळाल्याचा आनंद झाला.

"सोपे, अवघड असे गट करा," जावई म्हणाला.

"माल कसा आहे ते नंतर. आधी नग किती?"

म्हणून खेळाडूंच्या संख्येनं कप्पे पडले. खेळाच्या माहितीत आकडा असतोच, पण बाबांचा कागदावर काडीचा विश्वास नाही. तेवढी माणसं समोर बसवून खेळल्याशिवाय रजिस्टरात नोंद नाही! तिघांच्या खेळात चोर अर्ध्या मिनिटात सापडायचा. चौघांत आई जिंकायची. ती पापणी न लववता खोटं बोलायची आणि आम्ही बावळटासारखे एकमेकांना बाहेर काढायचो.

घोडं अडलं ते पाचावर. आईच्या हातात दोन फोन दिले, तर तिनं एका फोनवरून दुसऱ्यावर आरोप केला आणि दुसऱ्यावरून तो कबूलही केला. कुरियरवाल्याला बसवलं, तो पहिल्याच फेरीत मारला गेला आणि रागावून निघून गेला. नवरा म्हणाला, ऑनलाइन कोणीही अनोळखी घ्या की.

"न पाहिलेला नग मी धरत नाही," बाबा म्हणाले.

पाचवा माणूस वरच्याच मजल्यावर होता. माझे सख्खे काका. त्यांनी आमची शिडी नेऊन परत दिली नाही, यावरून दोघा भावांचा आठ वर्षं अबोला. आता काका रविवारी कायमचे मुलीकडे राहायला निघाले होते, जिन्यात खोकी रचलेली. बाबा त्या खोक्यांकडे बघायचे आणि रजिस्टर मिटायचे. शनिवारी त्यांनी माझ्या हाती मागणीपत्र दिलं: खेळाडू, नग एक, तातडीचं.

काकांनी ते दोनदा वाचलं, चपला घातल्या आणि खाली आले.

पहिल्याच फेरीत आई मेली. चर्चेला नव्वद सेकंद.

"चोर हाच," बाबा म्हणाले.

"पुरावा?"

"शिडी."

"दादा, शिडी मी नेली नव्हती."

"मग गेली कुठे?"

आईनं हात वर केला.

"मेलेल्यांनी बोलायचं नाही!" दोघंही एका सुरात ओरडले. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

खेळ संपल्यावर आई शांतपणे म्हणाली, "शिडी मी रंगाऱ्याला दिली होती. त्यानं आणलीच नाही."

"वहिनी, आठ वर्षं?"

"मला कोणी विचारलं? तुम्ही एकमेकांशीच भांडत बसलात."

मला तिचा असा संताप आला की काय सांगू. काका मात्र पोट धरून हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

"तिकडे नेट आहे ना?" बाबांनी विचारलं.

"आहे."

बाबांनी रजिस्टर उघडून पाचच्या कप्प्यात लिहिलं: एक नग बाहेरगावी. न पाहता ग्राह्य.