पुन्हा पुन्हा वापरलेली अँटिबॉडी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिक्कूताई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. घरी नवरा म्हणे, हिच्या हातात पडलेली टूथपेस्ट संपतच नाही, कंटाळून जीव सोडते.

तिचं काम रोपांमधला विषाणू शोधण्याचं. पानांच्या रसातली प्रथिनं पट्टीवर उतरवायची आणि ती पट्टी अँटिबॉडीच्या पाण्यात भिजत ठेवायची. विषाणूच्या कवचाचं प्रथिन असेल तर अँटिबॉडी नेमकी त्यालाच चिकटते आणि शेवटी काळी रेघ उमटते. अँटिबॉडी महाग, शिवाय मागवली की लवकर येत नाही. म्हणून एकदा वापरलेलं पाणी ओतून न देता नळीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं. असं सगळेच करतात. हिचा हात जरा जास्तच आखडता, एवढंच.

धाकट्या भावाची रोपवाटिका होती. कलमांची पानं मुरडू लागली तसे त्याने नमुने बहिणीकडे पाठवले. ते एका पट्टीवर मावेनात. तेव्हा अँटिबॉडी अजून चालतेय ना याच्या ताळ्यासाठी दर वेळी लावायचा असतो तो रोगट नमुना तिने गाळला. भावाचं एखादं झाड तपासायचं राहू नये, हा विचार. कितीदा तरी वापरलेल्या नळीतल्या पाण्यात भिजवलेली ती पट्टी कोरी निघाली. तिला इतका आनंद झाला की तिने तिथूनच भावाला फोन लावला.

त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या संशोधक बाईंनी तीच नळी वापरली, आणि त्यांचा रोगट नमुनासुद्धा कोरा आला. ही अँटिबॉडी मेलीय, असं सहज म्हणून त्या जेवायला गेल्या. ताईने नवी कुपी उघडली आणि भावाचे नमुने पुन्हा लावले, या वेळी ताळ्याच्या नमुन्यासकट. जवळजवळ प्रत्येकापुढे रेघ उमटली.

गप्प बसणं अवघड नव्हतं. पानं उन्हानेही मुरडतात, आणि भाऊ काही तिची उलटतपासणी घेणारा नव्हता. हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली. तिने फोन केला.

भावाने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. सगळी उपटावी लागतील का, त्याने विचारलं. ती हो म्हणाली.

"ताई, मी कलमं देऊनही टाकली. लोकांना म्हटलं, माझ्या बहिणीने तपासलीत."

"कोणाकोणाला दिलीस ते सांग. त्यांना मी फोन करते."

"तू कशाला? प्रयोगशाळेची चूक झाली म्हणून सांगतो मी."

"प्रयोगशाळेची नाही रे. माझी."

पहिला फोन एका म्हाताऱ्या बागवानाने उचलला. तिने हुद्दा सांगितलाच नाही. तुम्हाला कलमं दिली त्याची बहीण बोलतेय, एवढंच म्हणाली. म्हातारा खूश झाला.

"तुम्हीच का त्या? अहो, तुमच्या भरवशावरच तर जुनी झाडं काढली आम्ही. कालच."