खिडकीरावांचे तळहात

माझ्या विनोदाने लोकांना जांभया आलेल्या मी पाहिल्या आहेत, एकदोघांचा डोळाही लागला आहे. पण अंगावर फोड यावा असा विनोद मी आयुष्यात एकदाच केला. समोरच्या घरात नवे शेजारी आले होते. जिन्यात गाठ पडली, बोलता बोलता मी एक किस्सा रंगवून सांगितला आणि सवयीप्रमाणे तळहात पुढे केला. विनोदानंतर टाळी मागायची, हा माझा जुना शिरस्ता. समोरच्याला हसू आलं नाही तरी टाळी द्यावीच लागते आणि आपली लाज राहते. गृहस्थांनी माझ्या हाताकडे क्षणभर तापलेल्या तव्याकडे पाहावं तसं पाहिलं. मग हसत हसत टाळी दिली. मीही चेव येऊन वरून दुसरा हात हाणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार कोपराने उघडलं. तळहाताला पट्टी.

"अहो, काय झालं?"

"तुमचा विनोद," ते म्हणाले. "आमची कातडी अशीच आहे. घासली, आपटली की फोड येतो. वडिलांकडून आलीय."

"मग टाळी दिलीत कशाला?"

"विनोद बरा होता."

घरी येऊन हे सांगितलं तर आमची ही म्हणाली, "तुमचे विनोद अंगावर येतात, असं मी कधीची म्हणतेय."

आमची मैत्री झाली ती अशी. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना खिडकीराव म्हणत, कारण नोकरीच खिडकीची. एका संशोधन केंद्रात चौकशीच्या खिडकीमागे ते बसत. केंद्राची इमारतही अजब. मूल नको असणाऱ्यांसाठी नवनवी औषधं तपासायचा विभाग डाव्या जिन्याने, मूल हवं असूनही न होणाऱ्यांचा विभाग उजव्या जिन्याने, आणि सर्वांत वर पिढीजात त्वचारोगांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडम. कोणाला कुठे धाडायचं हे खिडकीरावांनी ठरवायचं. खिडकीवर कोणी मोठ्याने कारण सांगू लागलं की ते चटकन म्हणत, "हळू बोला, मला ऐकू येतं." आणि पुढे कुजबुजत विचारत, "हवंय की नको?"

एकदा एक जोडपं त्यांची नजर चुकवून डाव्या जिन्याने वर गेलं आणि नव्या गोळीवरचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकून आलं. खाली येऊन नवरा खिडकीत वाकून म्हणाला, "साहेब, मूल न होणं आम्हाला गोळीशिवायच जमतंय. दुसरं काही असलं तर दाखवा." खिडकीराव ही गोष्ट सांगताना खूप हसायचे. पुढे कधीतरी कळलं की त्यांच्याही घरी तेच चाललं होतं.

लग्न झालं तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, मूल नको. आपल्यातली ही कातडी मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते नाणं उडवलं होतं आणि ते खिडकीरावांच्या अंगावर पडलं होतं. वहिनी शाळेत खेळाच्या बाई, गळ्यात शिट्टी, आवाज मैदानाच्या मापाचा. त्यांनी तेव्हा मान्य केलं. पण चाळिशी दिसू लागली आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "मला मूल हवंय. नाणं मी उडवते." तर आता मूल होईना. इतकी वर्षं नको नको म्हणून सांभाळलं, ते सगळं उगाचच होतं की काय, कोण जाणे.

मग एका सकाळी खिडकीराव रजा टाकून स्वतःच्याच खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. बदलीवर बसलेल्या बाईने मान वर न करता विचारलं, "हवंय की नको?" म्हणाले, "बाई, मीच शिकवलंय तुम्हाला हे."

उजव्या जिन्याने झालेल्या तपासण्यांनंतर मूल काचेच्या बशीत रुजवून पोटात ठेवायचं ठरलं. तेव्हा वरच्या मॅडमनी एक गोष्ट पुढे केली. बशीत रुजलेली पेशींची प्रत्येक गोळी आधी तपासू, म्हणाल्या. ज्यांत हा दोष असेल त्या बाजूला काढू, निर्दोष असेल ती ठेवू. संशोधनाचा भाग म्हणून खर्चही केंद्र करेल. खिडकीरावांना वाटलं, नाण्याची एक बाजूच पुसून टाकायची सोय झाली. घरी येऊन त्यांनी ही बातमी जेवताना सांगितली. मीही तिथे होतो. वरणाची वाटी परत करायला म्हणून जातो आणि भरलेल्या ताटावर बसतो, अशी माझी ख्याती आहे.

अण्णांनी घास खाली ठेवला. जन्मभर नकाशे काढण्याची नोकरी केलेला माणूस, एकही रेघ उगाच न ओढणारा.

"त्या बशीत मी असतो तर?"

"अण्णा, ती नुसती पेशींची गोळी असते हो."

"मीही तेवढाच होतो की कधीतरी."

मला एरवी कुठल्याही प्रसंगाला विनोद सुचतो. त्या दिवशी मी वाटी विसळून निघालो.

पुढचे काही दिवस समोरच्या घरातून शिट्टीसुद्धा ऐकू आली नाही. खिडकीराव मला म्हणाले, "अण्णांचं मनावर घ्यायचं, तर मुलाला जाणूनबुजून फोड द्यायचे? आणि नाही घ्यायचं, तर रोज त्यांच्यासमोर जेवायला कुठल्या तोंडाने बसायचं?" मॅडमना उत्तर द्यायचा दिवस जवळ येत होता.

त्याच आठवड्यात खिडकीवर एक बाई आली. तिचं तान्हं मूल अशाच, पण फार भयंकर प्रकारच्या आजाराने गेलं होतं. आईने उचललं तरी ज्याची कातडी सुटायची, असं. तिला या नव्या तपासणीची भीती वाटत होती. खिडकीराव खिडकी सोडून उठले आणि तिला वरपर्यंत पोचवून आले. "ताई, तुम्ही तपासणी कराच," जिन्यात तिला म्हणाले, "मनात काहीही आणू नका."

हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर मी विचारलं, "म्हणजे तुमचंही ठरलं तर?"

"तिचं दुखणं आणि माझं दुखणं एकाच मजल्यावर बसतात," ते म्हणाले, "म्हणून काय एक झाली?"

रविवारी सकाळी मी पेपर मागायला गेलो. (आमचा पेपर आमची ही आधी वाचते आणि मग तो वाचण्यासारखा राहत नाही.) उन्हाळा सुरू झाला होता, आणि उन्हाळ्यात या बापलेकांचे पाय चालण्याच्या लायकीचे राहत नाहीत. खिडकीराव खुर्चीवर, त्यांची टाच अण्णांच्या मांडीवर. अण्णा चष्मा कपाळावर चढवून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुईने फोड फोडत होते.

"हळू अण्णा, नकाशा नाहीये तो."

"नदी आहे इथे. हलू नकोस, पूर येईल."

"परवा नखाशेजारच्या फोडाला समुद्र म्हणालात."

"मग? नखाचा किनारा नको का दाखवायला?"

दोघं इतके हसले की सुई बाजूला ठेवावी लागली. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात शाळेच्या मुलांचे धुतलेले बनियन. दोघांकडे बघत त्यांनी एकाच बनियनची घडी दोनदा घातली. मग म्हणाल्या, "मॅडमना सांगा, तपासणी नको. डॉक्टरांना जी गोळी चांगली रुजलेली दिसेल ती ठेवा म्हणावं."

"अगं, पण..." खिडकीराव म्हणाले.

"फोड तुम्हाला येतात, पण निम्मं आयुष्य ते मीच बांधतेय. मला माहितीय मी काय मागतेय ते."

अण्णांनी सुई उचलली आणि दुसरी टाच मांडीवर ओढून घेतली. पण सुई टेकवायच्या आधी कपाळावरचा चष्मा काढून उगाच पुसत बसले.

मॅडमनी एकदा समजावून पाहिलं, मग मान डोलावली. एकदा फसलं. त्या दिवसांत मी वाटी परत करायला गेलो नाही. दुसऱ्यांदा मात्र रुजलं.

ती बातमी मला जिन्यातच कळली, पहिल्या टाळीच्याच पायरीवर. वहिनींना आता धावायची बंदी आहे, शाळेत त्या खुर्चीवर बसून शिट्टी फुंकतात आणि पोरं दुप्पट घाबरतात, असं खिडकीराव सांगत होते. दोघंही हसलो. माझा हात सवयीने पुढे गेला होता, तो मी लगबगीने खिशात कोंबला. मग बरेच दिवस जिभेवर असलेलं विचारून टाकलं.

"अहो, पण मूल तुमच्यावर गेलं तर?"

"तर तुम्ही टाळी बेताने द्यायची."