उपरण्याखालचा हात

इंदापूरच्या बैलबाजारात एका गिऱ्हाइकाशी माझी हमरीतुमरी चालली होती. तेवढ्यात माळेगावचा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "तुमी हितं? तात्यांचं सावडणंसुद्धा उरकलं की." हातातली वेसण सोडून मी खालीच बसलो. ज्या माणसानं मला बैलाचे दात बघायला शिकवलं, त्याच्या मातीला मला कुणी बोलावलं नाही. महिना होत आला, तो राग अजून गिळता आलेला नाही… आणि रागाआड काय आहे ते बायकोला कळतं.

मी पहिल्यांदा बाजारात आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझ्याकडं काही नव्हतं. तात्या तिथले जुने दलाल. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही, ही आमच्या बाजाराची रीत. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा. भोवतीच्या लोकांना पत्ता लागत नाही. ज्यानं हात काढून घेतला, त्यानं सौदा मोडला. तात्यांची पकड अशी, की नवखा माणूस कळवळायचा. "आरं, बोट हाय का भेंडी?" असं म्हणून ते मला हसायचे.

ती पकड ढिली झाल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं. तेव्हा त्यांना सगळ्यांची नावं आठवत होती, बोलणं चोख होतं. फक्त उपरण्याखाली बोट चाचपडायचं. पुढं ते बैलांचे रंग विसरले, मग घरची वाट. मी आणि त्यांचा मुलगा विलास त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढं केली. "दाबा जोरात." तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. "उपरणं कुठाय? उघड्यावर मी भाव सांगत न्हाय." डॉक्टर हसले, आम्हीही हसलो… मग डोक्याचा फोटो उजेडावर धरून त्यांनी सांगितलं, की मेंदू आकसत चाललाय. हातापायांची ताकद आणि डोकं पुष्कळदा बरोबरीनं उतरतं; कशामुळं काय, ते नक्की सांगता येत नाही. बरे होतील असंही नाही. पण चालतं ठेवा, अंग वापरू द्या.

विलासनं उलटं केलं. तात्या एकदा कालव्याच्या भरावावर भटकताना सापडले, तेव्हापासून त्यानं त्यांना ओसरीवरच्या खुर्चीतून उठूच दिलं नाही. बसून बसून मांड्या वाळल्या, बोलणंही आटलं. मी भांडायला गेलो.

"बापाला देव्हाऱ्यात बसवलंय का रं?"

"काका, तात्या कालव्यात पडलं तर तुमी परत आणून देणार हाय का?"

"बाजारच्या दिवशी माझ्यासंगं पाठव."

"न्हाय."

"मग वेशीपर्यंत. मी हात धरतो."

"न्हाय म्हटलं ना!"

"आरं, गोठ्यापर्यंत तरी!"

हयातभर कुठल्या सौद्यात मी इतका खाली आलो नव्हतो. मग माझं तोंड सुटलं, आणि पुन्हा उंबरा चढू नका असं त्यानं मला बजावलं. त्याला बाप जाण्याची भीती होती, मलाही तीच… पण ती खुर्ची मी त्याला माफ करणार नाही.

शेवटची भेट झाली ती विलास कारखान्यावर गेलेला असताना. सुनेनं गुपचूप दार उघडलं. "ओळखलं का तात्या?" भिंतीकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाव सांगितलं, बाजार सांगितला, त्यांच्या लाडक्या खिलार बैलाची आठवण काढली. मग खांद्यावरचं उपरणं त्यांच्या मांडीवर टाकलं आणि खालून हात घातला. त्यांचा हात सुटलेल्या दाव्यासारखा पडून होता… बऱ्याच वेळानं बोटं हलली. माझं पहिलं बोट शोधून त्यांनी धरलं. दाबायची ताकद नव्हती, सांगायला भाव नव्हता. पण सोडलं नाही. सून दारातून म्हणाली, "काका, ह्यांची यायची येळ झाली."

हात मीच काढून घेतला.

ते उपरणं आजही माझ्या खांद्यावर असतं. परवा बाजारात त्याखाली एका गिऱ्हाइकाचा हात आला, चांगला दणकट. भावही पटण्याजोगा होता. तरी मी त्याचं बोट नुसतं धरून बसलो. "काय वो, ठरलं का मोडलं? सोडा की आता," तो वैतागला.

मला सोडवेना.