शिरूर ते दौंड, डोळे मिटून

"गप ऱ्हावा, मी गाडी चालवतीया."

शेजारच्या मावशी ओसरीवर डोळे मिटून बसल्या की हाक मारणाऱ्याला हेच उत्तर मिळायचं. हात हवेत स्टिअरिंग फिरवत असायचे, पाय खाली क्लच-ब्रेक शोधत.

हे खूळ मीच पुण्याच्या एका शिबिरातून आणलं होतं. जे हवं ते रोज डोळे मिटून बघा, म्हणजे ते घडतं. मी स्वतःला सडपातळ बघत होतो. त्या भरवशावर कमी मापाची पँटही शिवून घेतली. ती अजून कोरी करकरीत आहे.

मावशींची गरज मात्र खरी होती. त्यांचे यजमान, आप्पा, अर्धांगवायूनं एका बाजूला लुळे पडले होते. व्यायामासाठी त्यांना दौंडला न्यावं लागे. एकदा एसटीच्या पायऱ्या चढताना ते पडले आणि भर स्टँडवर रडले. त्या संध्याकाळी मावशी आमच्या दारात आल्या.

"तुमची गाडी नुसती धूळ खाती. मी शिकती चालवायला."

पन्नाशी उलटलेली, सायकलवरही कधी न बसलेली बाई. तरी मी हसलो नाही. गाडी माझी असली तरी ती चालवायची मलाच भीती वाटायची.

मावशींनी क्लास लावला. घरी सराव चालूच. एकदा ओसरीवर त्यांनी जोरात पाय आपटला.

"काय झालं?"

"न्हावऱ्यापाशी उसाची ट्रॉली आडवी आली."

"अहो, मनातला रस्ता तरी मोकळा ठेवा!"

"आन् खऱ्या रस्त्यावर आली मंग?"

लायसन्सच्या परीक्षेत त्या आधी नापास झाल्या, मग पास. पहिल्यांदा दौंडला निघालो तेव्हा आप्पा पुढे, मी मागे. न्हावरा आलं तशी मावशींनी आरशात बघितलं.

"भाऊ, डोळं का मिटलं?"

"सगळं नीट होतंय असं बघतोय."

आप्पा खो खो हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

पुढे काठी धरून धरून का होईना, ते फाटकापर्यंत चालू लागले. यंदाच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

मावशी यवतला लेकीकडे कायमच्या निघाल्या, तेव्हा गाडी त्यांनीच चालवायला घेतली. मी पुढचं दार उघडलं. सीटवर आप्पांची काठी टेकवून ठेवली होती आणि तिला बेल्ट लावला होता.

"तुम्ही मागं बसा, भाऊ."

मी मागं बसलो.