भारतचं निवळ पेट्रोल

मखमलाबादच्या मळ्यात गुलाब आणि झेंडू पिकवणाऱ्या भारतला सगळी पंचक्रोशी ‘जाम भारत’ म्हणून ओळखायची. हे नाव त्याला शर्यतींनी दिलं. नाशिकच्या आसपास कुठेही मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यती असल्या की हा आपली टू-स्ट्रोक आरएक्स घेऊन हजर. सुरुवात अशी करायचा की बघणाऱ्यांनी टोप्या सांभाळाव्यात. मग दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीला इंजिनातून किर्रर्र आवाज यायचा, मागचं चाक जागीच रुतायचं आणि पिस्टन जाम झालेली गाडी ढकलत भारत बाहेर यायचा. शेवटची रेघ त्याने पाहिलेली, पण ती शर्यत सुरू व्हायच्या आधी. शर्यत पुरी केल्यावर हलवतात तो चौकड्यांचा झेंडा काही त्याच्यासाठी कधी हलला नाही.

दोष अर्थातच भारतचा नव्हता. दोष तेलाचा होता, पेट्रोलचा होता, सरकारचा होता. पंचवटीतल्या किशोर मेकॅनिककडून त्याने इंजिनाचं हेड उतरवून घेतलं होतं, पोर्ट, म्हणजे हवाधुराच्या वाटा, घासून रुंद केले होते आणि कंपनीचा तेलपंप काढून फेकला होता. आता तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचं, आणि त्या तेलाच्या थेंबांवर पिस्टन जगणार. म्हणजे सगळा खेळ कुठलं तेल आणि कुठलं पेट्रोल यावर आला. या विषयात भारतला इतकं कळायचं, की गाडी चालायची तेवढी बाकी राहिली होती.

पंपावर तो गिऱ्हाईक म्हणून जात नसे, झडती घ्यायला जात असे. आधी तळहातावर थेंब घेऊन वास, मग तो उडून जाईपर्यंत फुंकर, मग पेपरच्या तुकड्यावर डाग पाडून तो उन्हात धरायचा. डाग मागे राहिला की भेसळ. रांगेतले लोक मागून आयमाय काढायचे, पण भारतची समाधी मोडत नसे. एवढं करून घेतलेलं पेट्रोलसुद्धा तो लगेच गाडीत घालत नसे. कॅनमध्ये रात्रभर ठेवायचा आणि सकाळी कॅन अजिबात न हलवता वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचा. तळाशी उरेल तो गाळ. पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी आई अशीच निवळून घ्यायची, आणि आईचं पाणी पिऊन घरात कुणी मेलं नव्हतं.

एवढा सावध गडी, पण एकदा कुणीतरी त्याला ‘विमानात घालतात ते’ पेट्रोल आणून दिलं. निळंशार होतं. भारतने ते देवघरातल्या तीर्थासारखं दोन्ही हातांनी घेतलं, गल्लीभर दाखवलं आणि गाडीत घातलं. गाडी खोकली, धूर ओकली आणि बसली. बायको सुवर्णाने कॅनला नाक लावलं आणि म्हणाली, “आवो, हे तर रेशनचं रॉकेल हाय. निळंच असतं ते.” भारत म्हणाला, विमानंही काही वेळा रॉकेलवरच उडतात. ते खरंही होतं, म्हणून सुवर्णाला जास्तच राग आला.

कारण गाडी एकच होती. रविवारी शर्यतीला पळणारी हीच आरएक्स इतर दिवशी पहाटे फुलं घेऊन बाजारात जायची. पुढे भारत, मागे सुवर्णा आणि दोघांच्या मध्ये फुलांची पाटी. लग्न झाल्यापासून त्या गाडीवर ती नवऱ्याला कधी टेकून बसली नव्हती, मध्ये कायम झेंडू. आणि पिस्टन जाम झाला की ती पाटी डोक्यावर घेऊन रस्त्याने चालायची, आणि येणारेजाणारे विचारायचे, “काय वहिनी, जाम का?”

दोन हजार दोनच्या जानेवारीत पेठ रोडच्या माळावर शर्यत ठरली, तेव्हा सुवर्णाने चुलीपुढून निकाल दिला. “ह्या बारीला शेवटची रेघ वलांडली तर गाडी तुमची. नायतर इकायची आन् बाजारासाठी साधी फोर-स्ट्रोक घ्यायची.”

भारतने भाकरी ताटात ठेवली. फोर-स्ट्रोक म्हणजे त्याच्या लेखी पोस्टातल्या कारकुनांची गाडी. आवाज नाही, धूर नाही, अब्रू नाही. पण सुवर्णा एकदा बोलली की बोलली, हे त्याला ठाऊक होतं. त्याला खरंच भीती वाटली.

मग तो पुन्हा तेलामागे लागला. पंपावरचं सुटं तेल झालं, हिरवं झालं, लाल झालं. शेवटी पुण्याच्या एका शर्यतवाल्याने कानमंत्र दिला. एरंडेल! इंजिन कितीही तापू दे, एरंडेल पातळ होत नाही, पिस्टनला सोडत नाही. परदेशात जुने लोक त्याच्यावरच पळवायचे म्हणे. भारतने कपाळावर हात मारला. ज्याच्यासाठी गावोगाव हिंडलो ते घरात फळीवर होतं.

त्याची आई भागुबाई एरंडेलावर जग चालतं असं मानायची. महिन्यातून एकदा ती घरातल्या सगळ्यांना रांगेत बसवून कढत चहातून एरंडेल पाजायची. जावयालाही सुटका नव्हती. घाण्यावरून आणलेली तिची बाटली फळीवर असायची, आणि तिला हात लावणं म्हणजे वाघिणीच्या पिलाला हात लावणं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी भारतने ती बाटली पळवली, पारखून घेतलेल्या पेट्रोलच्या कॅनमध्ये पार रिकामी केली, कॅन खळाखळा हलवला आणि ओट्यावर ठेवून दिला.

त्या रात्री नाशिकात अशी थंडी पडली की बंबातल्या निखाऱ्यांनाही हुडहुडी भरावी. सकाळी भारत उठला, नेहमीच्या श्रद्धेने कॅन जराही न हलवता उचलला आणि वरचं निवळ पेट्रोल टाकीत घातलं. तळाशी घट्ट पिवळा गाळ राहिला. “बघ, केवढी भेसळ हाय पंपाची!” असं सुवर्णाला दाखवून त्याने कॅन कोपऱ्यात भिरकावला आणि निघाला.

माळावर त्याची सुरुवात नेहमीसारखी झाली. पहिल्याच वळणावर तो पुढे. धूरसुद्धा निघत नव्हता, याचंही त्याला कौतुक वाटलं. बाहेर उभ्या असलेल्या किशोरला मात्र ते खटकलं, तो हात वर करून ओरडायला लागला. भारतला वाटलं, तो शाबासकी देतोय. त्याने मूठ आणखी पिळली. दुसऱ्या फेरीला किर्रर्र झालं, मागचं चाक रुतलं आणि भारत गाडीसकट बांधाला जाऊन टेकला.

तो उठला नाही. बाकीच्या गाड्या माती उडवत पुढे गेल्या, लोक हसले, लाउडस्पीकरवरचा माणूसही “आपले जाम भारत!” म्हणाला. त्याला हे सगळं ऐकू येत होतं. पण त्याला दिसत होती ती शांत, गरीब, आज्ञाधारक फोर-स्ट्रोक. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने धुळीवर ढकललं.

शर्यत संपली. बक्षिसांसाठी टेबल मांडलं गेलं, आणि त्याच्यावर अंथरायला दुसरं काही नव्हतं म्हणून चौकड्यांचा झेंडाच अंथरून त्यावर कप मांडले. तेवढ्यात फुलांच्या टेम्पोतून भागुबाई उतरली. एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातात तो कॅन. ती तडक बांधाकडे गेली.

“भारत्या, मुडद्या! माझं एरंडेल चोरलं ते चोरलं, आन् वापरलं पण नाय?”

“वापरलं की!”

“मंग हे काय हाय?” तिने कॅन त्याच्या नाकापुढे तिरका केला. तळाचा पिवळा गाळ सावकाश एका बाजूला सरकला. “गारठ्यात एरंडेल मिसळतं का कशात? मी चहा कढत का देते, तुझी हौस म्हणून?”

भारतने कॅनकडे पाहिलं. सगळं तेल त्याच्यात. आणि गाडीत नुसतं कोरडं पेट्रोल, अगदी निवळ. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दोष द्यायला कुणी सापडेना. मग तो उठला.

ऊन आता चांगलं चढलं होतं, कॅनही तापला होता. त्याने तो गाळ टाकीत ओतला, गाडी दोन्ही बाजूंना झोपवून गदागदा हलवली आणि थंड झालेल्या इंजिनाला जपून किक मारली. पिस्टन सुटला. किकमागून किक बसत गेली, आणि मग फाट्दिशी पांढरा धूर सुटला. अख्ख्या माळावर एरंडेलाचा वास पसरला. बालपणी ज्याला ज्याला ते पाजलं गेलं होतं त्या सगळ्यांनी नाकं दाबली.

भारत सावकाश निघाला. वेगबिग काही नाही, सायकलवाला मागे टाकेल अशा चालीने तो एकटाच राहिलेल्या फेऱ्या मारत होता. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. पंच ओरडला, “अहो, संपली शर्यत! झेंडा टेबलावर अंथरला!”

सासूबरोबर त्याच टेम्पोतून आलेली सुवर्णा टेबलाजवळ उभी होती. गाडी विकायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं, गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. नुसतं गप्प उभं राहिलं असतं तरी काम झालं असतं. पण धुरातून हळूहळू येणारा नवरा तिने पाहिला, आणि टेबलावरचा झेंडा एका हिसड्यात ओढला. कप गडगडले, पाहुणे भाषण विसरले. ती पदर खोचून रेघेपर्यंत पळाली आणि तो झेंडा तिने असा हलवला, की कुणाला वाटावं शेतातली पाखरं हाकलतेय.

भारतने रेघ ओलांडली. मागे पांढरा ढग आणि खोकणारे लोक.

“इतकी वरसं तटलं होतं,” भागुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “माझ्या एरंडेलानं एका डोसात साफ!”

भारतने गाडी सुवर्णापुढे उभी केली, पण बंद केली नाही. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. “शेवटचा आलो,” तो म्हणाला.

“आलात ना.” तिने झेंड्याची घडी घालून काखेत मारली. पंच मागायला आला, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. “चला घरी. आत्याबाईंना टेम्पो हाय.”

ती मागे बसली. पाटी नव्हती. दोघांच्या मध्ये एवढी मोकळी जागा तिने पहिल्यांदाच पाहिली, मग पुढे सरकली आणि त्याला धरून बसली.