बॉटलब्रशला लावलेली भर

नवरा जाऊन वर्ष झालं आणि त्यानं लावलेला बॉटलब्रश वाळायला लागला. कागलच्या एमआयडीसीतली शिफ्ट संपवून येताना त्यानं ते रोप मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून आणलेलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या एवढ्याशा परड्यात फरशी फोडून लावलं. लाल फुलं आली की सासूबाई खुर्ची टाकून तिथंच बसायच्या. मुलगा गेल्यापासून तर त्यांना घरात दुसरीकडं करमायचंच नाही.

शेंडे वाळले, पानं गळली, तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. नवरा वाचला नाही, निदान त्याचं झाड तरी त्यांच्यासमोर मरू नये.

सासूबाईंचं सगळं आयुष्य नेसरीकडं उसात गेलेलं. माझं माहेरही उसातलंच. झाडाचं कुणाला विचारायला जायचं म्हणजे आम्हाला कमीपणा. "भर लाव की," त्या म्हणाल्या. ऊस पडू नये, जोमानं वाढावा म्हणून बुडाशी माती ओढतात, ती भर. मग काय, मी माती आणि शेणखत आणलं. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, तरी घमेलं घेऊन माझ्या पुढं. गुडघ्यापर्यंत खोड गाडलं आणि रोज पाणी पाजलं. चार नवी पानं फुटली, तेव्हा आम्हाला कोण आनंद. पावसाळा सरेपर्यंत ती पण गेली.

शेवटी नर्सरीवाल्याला बोलावलं. सासूबाई आत पडल्या होत्या. त्यानं हातानं माती बाजूला केली, तर खोडाची साल ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. वास मारत होता.

"वहिनी, ही माती कुणी चढवली?"

"आम्हीच."

"अवो, झाडाला नुसतं पाणी कमी पडलेलं. ह्या भरीनं खोड कुजलं की. आता कायबी उपेग न्हाय."

त्याचा राग आला नाही, माझाच आला. नको तिथं शहाणपणा केला आणि बरं होणारं झाड हातानं मारलं. तो गेला, तरी मी तशीच मातीत बसून होते.

सासूबाई उठून दारात आल्या. "काय म्हणला त्यो?"

"मुळालाच कीड लागलेली म्हणाला."

"मला वाटलं, आपलंच कायतरी चुकलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. जरा वेळानं म्हणाल्या, "त्याच्या नावानं दुसरं आणूया. ह्या बारीला पैल्यापासनंच भर लावू, म्हंजे कीड यायची न्हाय."

मी बरं म्हणाले.