वर्लीनने उचललेला स्कॅनर

टोलेडोच्या गोदामापासून बसथांब्यापर्यंतची अर्धी वाट सरली, तेव्हा वर्लीन म्हणाली, "तू कशाला रडतेस गं? नोकरी तर माझी गेलीय."

तासाला किती वस्तू उचलल्या, ते आमच्या हातातला स्कॅनर मोजतो. गुडघे दुखत असूनही माझा आकडा कधी घसरला नाही, म्हणून मी रोज देवाचे आभार मानायचे. आज सामान आवरताना ती खरं काय ते बोलून गेली: मी लंगडत बाथरूमला गेले, की माझा स्कॅनर उचलून तीच माझं काम करायची. तेवढा तिचा आकडा घसरला, म्हणून तिला काढलं.

"आता एक कर," ती म्हणाली. "आपल्या रांगेतल्या योलांडाला सातवा महिना लागलाय, तिला सारखं बाथरूमला जावं लागतं. उद्यापासून तिचा स्कॅनर तू उचल."